नदीपलीकडून आलेलं नाव

५ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. एव्हाना तू मला चार शिव्या हासडून मोकळी झाली असशील. हासड. पण आधी बातमी ऐक: आम्ही 'ह'ला पोचलो! आम्ही म्हणजे मी. तुझं नि दादाचं लग्न झालं त्या वर्षी मी या शब्दकोशाच्या कचेरीत लागले, तेव्हा आम्ही अकरा जण होतो आणि 'क' चालू होता. तेव्हा वाटायचं, 'ह' येईल तेव्हा आपण म्हाताऱ्या झालेल्या असू. बरोबरच वाटायचं.

आता तीन खोल्या, अकरा टेबलं आणि मी. कुणी निवृत्त झालं, कुणी कंटाळून दुसरी नोकरी धरली, काही तर वरच गेले. मी रोज वेगळ्या टेबलाशी बसते, म्हणजे कुठल्याच टेबलावर फार धूळ साचत नाही. मंडळाचे अध्यक्ष परवा येऊन सांगून गेले की वर्षअखेर काम संपवा, जागा दातांच्या दवाखान्याला द्यायची ठरली आहे. म्हटलं, बरंय, इतकी वर्षं इथे शब्द उपटले, आता दात उपटतील. ते हसले नाहीत.

आणि नेमकं इथे घोडं अडलंय. शब्द आहे 'हिंदू'. मला वाटलं होतं, दुपारच्या चहाआधी उरकेल. तू, मी, दादा, आपलं सगळं गोत त्यातलंच. स्वतःचाच अर्थ लिहायला किती वेळ लागणार? लिहायला बसले आणि कळलं की जे लिहावं त्याच्या बाहेर कुणीतरी राहतंच. अमका देव मानणारा म्हणावं, तर दुसरे देव मानणारे आहेत, एकच मानणारे आहेत, एकही न मानणारे आहेत. एक ग्रंथ म्हणावा, तर तो सगळ्यांचा नाही. एक संस्थापक म्हणावा, तर तो नाहीच. आपला दादा तरी काय करायचा? सकाळी उठून चहा प्यायचा आणि पेपर वाचायचा. पण कुणी विचारलं असतं तर त्याने डोळे मिटून हाच शब्द सांगितला असता. जुन्या कोशकारांनी एका ओळीत काम भागवलंय. माझ्याने ते होत नाही.

तू तुझ्याकडच्या वरच्या खोलीचं विचारलंस. हा एक शब्द उरकू दे, मग सांगते. आज दिवसातलं पहिलं वाक्य मी दुपारी बोलले, खालच्या दरवानाशी, जिन्यातला दिवा गेलाय म्हणून. माझाच आवाज मला घोगरा वाटला.

'ह'पाशी बसलेली,
तुझी वन्सं

---

१९ मार्च

वन्सं,

शिव्या हासडून झाल्या. आता पत्र.

तुला वन्सं म्हणायला लागले ते लग्नात, मोठ्या बायकांनी शिकवलं म्हणून, आणि मला इतकं हसू आलं होतं की तोंडात पदर कोंबावा लागला. माझ्याच वयाची, दोन वेण्या घातलेली मुलगी आणि म्हणे वन्सं! पुढे ते तुला असं चिकटलं की तुझं खरं नाव लिहायची वेळ आली तर माझा हात अडतो.

खोली कशी आहे ते परत सांगते, कारण मागच्या पत्रातलं तू वाचलेलं दिसत नाहीस. खाली माझी लाँड्री. इस्त्रीच्या टेबलाच्या अगदी वर ती खोली येते, त्यामुळे थंडीत फरशी कोमट असते, अनवाणी चालावं. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे. पलंग आहे, कपाट आहे, टेबल तेवढं नाही, ते घेऊ. साबणाचा वास येतो, पण त्याची सवय होते. तुझ्या दादाला जाऊन तीन वर्षं होतील. गाव बदललं, धंदा मांडला, दिवसभर दुकानात माणसं असतात. पण शटर ओढलं की घर खायला उठतं. वरची खोली रिकामी आहे हे खालून ऐकू येतं, खरंच सांगते. पावसाळ्याच्या आत काय ते ठरव.

तुझ्या शब्दाचं म्हणशील, तर मी जन्मभर ती आहे आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही. आमच्याकडे बरं असतं. गिऱ्हाईक कपडे टाकून जातं, मी कॉलरच्या आत एक छोटी पट्टी शिवते आणि तिच्यावर खूण लिहिते. नाव नाही लिहीत, एका नावाचे दहा निघतात. मनाला येईल ते लिहिते. 'खोकला'. 'दोन कुत्री'. 'घाईत'. लोक म्हणतात मी लोकांना नावं ठेवते, तर ते अगदी खरं आहे, तोच माझा धंदा आहे. एक 'शाईवाला' आहे. दर आठवड्याला उजव्या बाहीवर शाईचा डाग, नेहमी त्याच जागी. बोलत नाही फारसा. डाग नाही निघाला तरी चालेल म्हणतो.

चालेल म्हणणारी माणसं कमी असतात.

वाट बघते,
वहिनी

---

८ एप्रिल

प्रिय वहिनी,

सापडलं! म्हणजे अर्थ नाही सापडला, पण मूळ सापडलं. तसं ते जाणकारांना ठाऊकच होतं, पण मी कार्डं लावत स्वतः तिथवर गेले, म्हणून आनंद.

नदी आहे, वहिनी. सगळ्याच्या मुळाशी एक नदी. संस्कृतात 'सिंधु' म्हणजे नदी, वाहणारं मोठं पाणी, आणि मग ती एक विशिष्ट नदी. काठावरच्यांना वेगळं नाव कशाला लागतंय? नदीवर चाललो म्हटलं की झालं. पण पलीकडे इराणी बोलणारी माणसं होती. आपल्या 'स'च्या जागी त्यांच्या तोंडी 'ह' येई. ते म्हणू लागले 'हिंदु'. त्यांच्या राजांनी अडीच हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या लेखांत तो शब्द आहे. नदीचा, आणि नदीकाठच्या मुलखाचा. देवाधर्माचा त्यात मागमूस नाही. तिथून ग्रीकांनी घेतला, त्यांनी 'ह' गाळला. अरबांनी घेतला, ते त्या देशाला हिंद म्हणाले.

आणि नदीच्या अलीकडे राहणाऱ्यांनी? त्यांच्या जुन्या पोथ्यांत तो शब्दच नाही. शेकडो वर्षं त्यांना बाहेरचे याच नावाने ओळखत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता! ते स्वतःला आपापल्या कुळाने, गावाने, धंद्याने, देवाने ओळखत होते. पुढे काहींनी संस्कृतात या शब्दाची फोड करून त्याला घरचाच ठरवायचा प्रयत्न केला, पण ती फोड शब्दापेक्षा पुष्कळ धाकटी आहे.

मी परवा संध्याकाळी याचाच विचार करत बसले. माणूस स्वतःला कधी हाक मारत नाही. मी घरी एकटी असते तेव्हा मला नाव नसतंच. ते असायला दाराबाहेर कुणीतरी उभं असावं लागतं. हा विचार मला नोंदीत घालता येणार नाही, म्हणून तुला लिहिते.

आता एक विचारायचंय. तुझ्या गिऱ्हाइकांना त्यांच्या खुणा माहीत असतात का? कुणाला कळलं, तर पुढे काय होतं? हे नीट, सविस्तर लिही, मला हवंय.

काठावरची,
वन्सं

ता.क. खोलीचं लक्षात आहे.

---

३० एप्रिल

वन्सं,

लक्षात आहे म्हणजे काय गं? छत्री लक्षात असते तशी?

असो. तू विचारलंस ते सांगते, आणि नीट सविस्तर सांगते, कारण मलाही कुणाला तरी सांगायचंच होतं.

शाईवाल्याला कळलं. शर्ट घडी करताना कॉलर उलटी राहिली आणि त्याने पट्टी वाचली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, माफ करा, ही आमची दुकानातली खूण असते. तो पट्टीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं माझ्याकडे कुणाचं लक्षच नसतं." एवढंच बोलला नि पैसे ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात दाराशी उभा राहून म्हणतो, "शाईवाला आलाय." दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी लाजले, वन्सं, या वयात.

तो नकाशे काढतो. जमिनीचे, रस्त्यांचे, हाताने. हल्ली यंत्रावर होतात, पण जुने दुरुस्त करायला तो लागतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलंबाळं नाहीत. वाफेच्या इस्त्रीची झडप गळत होती, ती त्याने बसवून दिली. आता दर गुरुवारी शटर अर्धं ओढल्यावर एक चहा होतो. मी माझा कप विसळून पालथा घालते तर तो त्याचाही घालतो, न सांगता.

गेल्या गुरुवारी त्याने विचारलं, "तुम्ही सगळ्यांना खुणा देता, तुमची स्वतःची काय?" मी म्हटलं, मी अमक्याची बायको होते. तो म्हणाला, "ते मी नाही विचारलं." तो गेल्यावर मी एक कोरी पट्टी घेतली आणि तशीच कोरी गल्ल्यात ठेवून दिली.

वन्सं, तुला काय वाटतं? खरं सांग. तुझं मत मला फार महत्त्वाचं आहे. त्या घरातली आता तू एकटीच उरली आहेस. आणि तू येणार असशील तर तेही आत्ताच सांग, कारण मग मला सगळं वेगळ्या तऱ्हेने ठरवावं लागेल.

वहिनी

---

२० मे

प्रिय वहिनी,

तुझ्या शाईवाल्याचे माझ्यावर उपकार आहेत! माझी नोंद अडली होती ती त्याने सोडवली.

अगदी असंच झालं बघ. पलीकडच्यांनी पट्टी शिवली होती. मग ते पलीकडचे अलीकडे आले, शेजारी राहू लागले, आणि एक दिवस इथल्यांनी ती पट्टी वाचली. आणि टाकून नाही दिली! राजे आपल्या बिरुदांत स्वतःला त्या नावाने म्हणवून घेऊ लागले. तसे लेख आहेत, सहा-सातशे वर्षांपूर्वीचे. कवींच्या, संतांच्या बोलण्यात तो आला, शेजारच्या धर्माच्या नावाच्या जोडीने. म्हणजे दुसरा शेजारी आल्यावर आपण कोण हे सांगायची वेळ आली. आणि त्याला एका धर्माचं नाव म्हणून घट्ट आकार आला तो तर अगदी अलीकडे, गेल्या दोन-अडीचशे वर्षांत. "शाईवाला आलाय"! दाराशी उभं राहून, सगळ्यांसमोर. वा!

तू विचारतेस, मला काय वाटतं. मला वाटतं, मूळ शब्दात अपमान नव्हता. नुसता पत्ता होता. नंतर पलीकडच्यांच्या फारसी काव्यात तो काळा, गुलाम, चोर अशा अर्थांनीही आला हे खरं. पण त्याच काव्यात प्रेयसीच्या गालावरच्या तिळालाही तोच शब्द आहे, मग काय म्हणायचं? शाईवाल्याला जरूर विचार, पट्टी वाचली त्या क्षणी, अगदी पहिल्यांदा, त्याला राग आला होता का? मला हे पक्कं हवंय.

सध्या मी पहिल्या अर्थावरच आहे. 'नदीच्या पलीकडचा' लिहावं की 'अलीकडचा', यात आठवडा गेला. लिहिणारा कुठे उभा आहे त्यावर ते अवलंबून. सकाळी दोन ओळी लिहिते, संध्याकाळी तीन खोडते. दरवान विचारतो, बाई, अजून तोच शब्द?

तुझी उपकृत,
वन्सं

---

२ जुलै

प्रिय वहिनी,

जून सगळा कोरडा गेला, तुझी एक ओळ नाही. आजारी आहेस का? दुकानात दोनदा फोन केला, वाजत राहिला. रागावली असशील तर रागाचं पत्र पाठव, पण पाठव.

नोंद पुरी झाली. मंडळाच्या बैठकीत दोन सभासदांची जुंपली. एक म्हणाले, शब्द बाहेरून आला असं छापलंत तर लोकांना आपण उसन्या नावाचे वाटू. दुसरे म्हणाले, बाहेरचाच आहे तर एवढं कौतुक कशाला, एका ओळीत उरका. मी सहसा बैठकीत बोलत नाही. या वेळी बोलले. म्हटलं, कोशात जे आढळलं ते लिहायचं. शब्द कुठून आला ते मी लिहिलंय, आणि आज कोण त्याला आपला म्हणतात तेही लिहिलंय. कुठून आला यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. इतकी माणसं इतकी शतकं त्याला ओ देतायत, आता तो पलीकडच्यांना परत थोडाच करता येतो? दोघंही कागद आवरून उठले. पटलं की जेवायची वेळ झाली होती, कोण जाणे.

आता तुझ्याशी खरं बोलते, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तो शब्द काही चार महिन्यांचा नव्हता. मी तो पुरवून पुरवून लिहिला. 'ह'मधले उरलेले शब्द झाले की राहतं काय? 'ळ'ने कुठला शब्द सुरू होत नाही. मग 'क्ष', मग 'ज्ञ', मूठभर शब्द, आणि दिवे बंद. सकाळी उठून कुठे जायचं हे मला तीस वर्षांत ठरवावं लागलं नव्हतं.

आणि तुझ्याकडे यायची मला भीती वाटत होती. दादा असता तर गोष्ट वेगळी. तो नसताना मी तुझी कोण? नणंद ही भावामुळे असते. मधला माणूसच गेला, आता कशाच्या जोरावर तुझ्या घरात पलंग मांडायचा? एखाद्या दिवशी तुझ्या मनात येईल की ही इथे का आहे, आणि तू बोलणार नाहीस, आणि मला ते दिसेल. म्हणून मी त्या नदीकाठी बसून राहिले.

पण हा जून फार मोठा होता. रविवारी मी कपाटातले कप धुऊन पुसून परत ठेवले, वापरलेले नसताना, नुसता आवाज व्हावा म्हणून. मी येते, वहिनी. सप्टेंबरात इथलं आवरेन. टेबल मी आणीन.

तुझीच,
वन्सं

---

१५ जुलै

वन्सं,

आजारी नाही. रागावले होते, आणि आता तुझं पत्र वाचून रागावताही येत नाही, म्हणून जास्तच चिडले आहे.

खोली गेली.

शाईवाल्याचं टेबल लागलंय तिथे, खिडकीशी. आम्ही लग्न करतोय, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. फक्त सह्या, बाकी काही नाही.

मी तुला एप्रिलमध्ये सांगितलं होतं. अगदी लाजले म्हणून लिहिलं, कप पालथा घालतो म्हणून लिहिलं. आणखी काय लिहायचं होतं? पालथ्या घड्यावर पाणी! मी जीव मुठीत धरून विचारलं, तुला काय वाटतं, आणि तू मला राजांची बिरुदं सांगितलीस! गालावरचा तीळ सांगितलास! ते पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं आणि मला आधी हसू आलं, मग रडू. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझ्या नणंदेला तुम्ही उदाहरण म्हणून फार आवडलात.

जूनभर मी लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुला कळलंय आणि आवडलेलं नाही. वाटलं, भावाची जागा दुसऱ्याला दिली म्हणून तू मुद्दाम विषय टाळतेस. तुझ्या घरातल्या एका तरी माणसाने हो म्हणावं एवढीच माझी इच्छा होती, आणि माणूस उरलंय एकच. महिनाभर थांबले. मग मी त्याला हो म्हटलं, तुझ्या 'हो'शिवाय.

तुझी भीती मला आधी कळती तर मी येऊन तुला फरफटत आणलं असतं. पलंग कशाच्या जोरावर मांडायचा म्हणे! इतकं शिकून असलं लिहितेस. पण आता घर दोघांचं झालंय, आणि त्यात एकच खोली जास्तीची होती. मी खोटं सांगणार नाही, तुला तिथे कायमची आणते असं मी त्याला आता म्हणू शकत नाही. म्हटलं तर तो चालेल म्हणेल, आणि म्हणूनच म्हणणार नाही.

सहीला साक्षीदार लागतो. येशील का? आणि आणखी एक. ऑगस्टनंतर तू कुठल्याच हिशेबाने माझी नणंद राहत नाहीस. मग तुला वन्सं म्हटलेलं चालेल का? नाहीतर काय म्हणू, तूच सांग. शब्दांचं तुला कळतं.

मी

---

२१ जुलै

प्रिय वहिनी,

हो.

हे आधी लिहिते, मग बाकीचं. हो, हो आणि हो. तिसरा हो दादाच्या वतीने, मला तेवढा अधिकार आहे असं धरून चालते. माझं म्हणजे वरातीमागून घोडं, पण निदान वरातीच्या दिवसाआधी पोचतंय.

तुझी सगळी पत्रं मी काल परत वाचली. ज्याला वाचता येतं त्याला त्यात सगळं दिसतं. मी प्रत्येक शब्द तपासला होता आणि बाई कुठेच पाहिली नव्हती. याहून जास्त मी त्याबद्दल काही लिहीत नाही, समोर आले की तू बोल, मी ऐकून घेईन.

तू विचारलं होतंस, मला काय वाटतं. आता सांगते. तुझ्याबरोबर कुणीतरी बसून चहा पितं हे वाचून मला फार बरं वाटलं, पोटातून बरं वाटलं. आणि मग रात्रभर मला त्या खोलीचा हेवा वाटला, जी मी कधी पाहिलीही नाही. दोन्ही खरं आहे. मी इथेच राहीन. दवाखानेवाल्यांनी डिसेंबरची तारीख दिली आहे, तोवर उरलेला 'ह', 'क्ष' आणि 'ज्ञ' आहेत. पुढचं पुढे. मी एकटी आहे, वहिनी, हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी इतकं सरळ लिहितेय, आणि लिहिल्यावर ते होतं तेवढंच राहिलं, वाढलं नाही.

वन्सं म्हण. हिशेबात बसत नसेल तर न बसू दे. तू हाक मार, मी ओ देते, याहून जास्त पुरावा कुठल्या नावाला असतो? शाईवाल्याला मी काय म्हणायचं ते मात्र तुम्ही दोघं ठरवा.

सहीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी पोचते. सही करीन, रविवारपर्यंत राहीन, पाहुण्यासारखी, खालच्या दुकानात गादी टाक. निघताना मला अडवू नकोस. पण थांब म्हणायला विसरूही नकोस.

तुझी,
वन्सं